पृष्ठरचना आणि पराक्रम : सुपरहीरो-चित्रकथांतील द्वंद्वप्रसंगांचा विचार

१

चित्र ही अवकाशाची कला आणि काव्य ही कालाची कला, हा भेद जर्मन समीक्षक लेसिंग याने १७६६ साली प्रसिद्ध झालेल्या 'लाओकून' या प्रबंधात मांडला, हे सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. चित्रकाराच्या वाट्याला क्रियेचा एकच क्षण येतो; म्हणून त्याने असा क्षण निवडावा, की ज्यातून मागचे व पुढचे दोन्ही सूचित व्हावे, असे त्याचे प्रतिपादन. या भेदाची खरी कसोटी युद्धचित्रात लागते. उगारलेला हात चित्रात उगारलेलाच राहतो. कोसळणारा वीर जमिनीपर्यंत कधीच पोचत नाही. आणि तरीही सुपरहीरोंच्या चित्रकथा वाचणाऱ्यास हाणामारी प्रत्यक्ष घडत असल्याचा निःसंशय प्रत्यय येतो. हा प्रत्यय कोठून येतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर चित्रकाराच्या हातोटीकडे बोट दाखविते. पिळदार स्नायू, वेग दाखविणाऱ्या रेषा, 'धडाम्'सारखे नादानुकारी शब्द यांच्या योगाने मारामारी जिवंत होते, असे म्हटले जाते. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. तीच चित्रे कापून निराळ्या आकारात व निराळ्या ओळीत लावली, तर तोच ठोसा कधी लटका, कधी प्राणांतिक वाटू लागतो. चित्रात एका रेषेचाही बदल न होता प्रसंग बदलतो, याचा अर्थ असा, की प्रसंगाचा बराचसा भाग चित्रांत नसून त्यांच्या मांडणीत असतो. येथे त्याहीपुढचे एक विधान करावयाचे आहे : पृष्ठरचना लढाईचा केवळ वेग ठरवीत नाही, तर पराक्रम कशास म्हणावे हेही ठरविते. या विधानाची परीक्षा लेखाच्या अखेरीस सुपरहीरोंच्या कथेबाहेरील एका प्रसंगावर, १६६० च्या चाकणच्या वेढ्यावर, करून पाहिली आहे.

२

प्रथम पृष्ठाची अंगे पाहू जावे. पहिले अंग चौकट. तिच्या आकारावरून क्षणाचे महत्त्व आणि बहुधा त्याची लांबीही वाचक नकळत ठरवितो. दुसरे अंग दोन चौकटींमधील कोरी पट्टी. एका चौकटीत मूठ आवळलेली आहे, पुढच्या चौकटीत शत्रू भिंतीवर आदळलेला आहे. प्रत्यक्ष आघात कोठेच काढलेला नाही. तो वाचक त्या कोऱ्या पट्टीत स्वतः पुरा करतो. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकथाकाराने १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विवेचनात या पूर्तीच्या व्यापारास मध्यवर्ती स्थान दिले आहे. तिसरे अंग ओळ, म्हणजे एका रांगेतील चौकटींचा गट. तिला श्वासाची उपमा शोभेल. चौथे अंग पान उलटणे. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत जे अडवून धरावयाचे, ते डाव्या पानाच्या पहिल्या चौकटीत फुटते. मध्ये वाचकाचा हात असतो.

पाचवे अंग बहुधा दुर्लक्षिले जाते. ते म्हणजे मजकूर. चौकटीतील क्रिया निमिषार्धाची असली, तरी तिच्यातील संवादाचा फुगा वाचावयास पाचसात सेकंद लागत असतील, तर तो क्षण तितका लांबतो. लढताना बोलणारे वीर ही चित्रकथेची हास्यास्पद रूढी आहे असे वरवर वाटते. वस्तुतः ते कालाचे नियमन आहे : बोलका ठोसा सावकाश पडतो आणि मुका ठोसा चटकन पडतो.

चौकटींची ओळ ही काही केवळ करमणुकीची मिरास नव्हे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथील वाहन-उद्योगात जुळणीचे काम समजावून देणारे सचित्र तक्ते कामाच्या जागी लावलेले असतात. 'वर्क इन्स्ट्रक्शन' या नावानेच ते कामगारांत ओळखले जातात. त्यांतही चौकटी असतात, क्रम असतो, बाण असतात. परंतु तेथे चौकटी सारख्या आकाराच्या असणे हेच इष्ट. कारण प्रत्येक पायरी सारखीच आवश्यक असते, आणि दोन चौकटींच्या मध्ये कल्पनेस वाव राहिला, तर तो दोषच ठरतो. द्वंद्वाचे पान याच्या नेमके उलट वागते. ते पायऱ्या गाळते, एकीस फुगविते, दुसरीस चिंचोळी करते, आणि वाचकाने मधली जागा भरावी अशी अपेक्षा धरते. साधन एकच, परंतु एकाचा हेतू संदिग्धता नाहीशी करण्याचा आणि दुसऱ्याचा ती उपयोगात आणण्याचा असतो.

या अंगांचा परस्परसंबंध कोणत्या तत्त्वाने बांधला जातो, हे सांगण्यासाठी मराठी समीक्षेतच एक उपयुक्त परिभाषा उपलब्ध आहे. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथाचे कर्ते बा. सी. मर्ढेकर यांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम मानले. त्यांचा विचार चित्रकथेस उद्देशून नव्हता. तथापि द्वंद्वाच्या पानास तो सहज लागू पडतो. सारख्या चौकटींची मालिका म्हणजे संवाद. तीत अवचित आलेली मोठी, तिरकी वा चौकटच मोडणारी चौकट म्हणजे विरोध. आणि समोरासमोरच्या दोन पानांवर दोन प्रतिस्पर्ध्यांना सारखे वजन देणे म्हणजे समतोल. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विरोधास अर्थ येण्यासाठी आधी संवाद प्रस्थापित व्हावा लागतो. ज्या पुस्तकात प्रत्येक पानावर चौकटी फुटतात, तेथे फुटण्यास काही उरत नाही.

३

महाराष्ट्रास चित्रांच्या क्रमाने युद्ध सांगण्याची परंपरा नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने जतन केलेल्या चित्रकथीत रामायण-महाभारतातील प्रसंग सुट्या कागदांवर रंगविलेले असतात. निवेदक गात व सांगत असता एकेक चित्र पुढे धरले जाते. युद्धप्रसंगी दोन वीर बहुधा एकमेकांसमोर उभे असतात. पानाचा डावा भाग एकाचा, उजवा दुसऱ्याचा. ही मर्ढेकरांच्या परिभाषेतील समतोललय होय. या पानाला पोटचौकटी नाहीत, कारण तिला त्यांची गरज नाही. काल पुरविण्याचे काम गायकाचा आवाज व वाद्य यांच्याकडे आहे, आणि पान केव्हा बदलावयाचे हे प्रेक्षकाच्या नव्हे, तर निवेदकाच्या हाती आहे.

छापील चित्रकथेने हा निवेदक नाहीसा केला. आवाज गेला, वाद्य गेले, पान उलटण्याचा अधिकार वाचकाकडे आला. गेलेल्या निवेदकाचे काम आता पानाला स्वतःच करणे भाग पडले. चौकटींची लहानमोठी योजना ही त्या हरवलेल्या ठेक्याची भरपाई आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

४

मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना मुखवटाधारी वीराची ओळख झाली ती वेताळाच्या रूपाने. ली फॉक याने निर्माण केलेली व आरंभी रे मूर याने चितारलेली ही कथा अमेरिकन वृत्तपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. सुपरमॅनच्या १९३८ मधील आगमनाच्या दोन वर्षे आधी. वेताळास कोणतीही अतिमानवी शक्ती नाही. परंतु अंगासरशी पोशाख, मुखवटा आणि गुप्त ओळख ही सुपरहीरोंची पुढे रूढ झालेली लक्षणे त्याच्यात आधीच दिसतात. टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने मुंबईहून मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले आणि वेताळाच्या कथा मराठीसह अनेक भारतीय भाषांत पुस्तकरूपाने येऊ लागल्या. हे प्रकाशन १९९० मध्ये थांबले.

येथे अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना घडते. मूळ कथा पानासाठी रचलेली नव्हती. ती वृत्तपत्रातील आडव्या पट्टीसाठी रचलेली होती. दररोज दोन-चार चौकटी, आणि मग चोवीस तासांची प्रतीक्षा. अशा पट्टीची शेवटची चौकट रोज काहीतरी अडवून धरते आणि दुसऱ्या दिवशीची पहिली चौकट कालचे थोडे आठवून देते. द्वंद्व तेथे हप्त्याहप्त्याने लढले जाते : सोमवारी मूठ उगारली जाते, मंगळवारी ती पडते. या दोन दिवसांमधील रात्र हीच तेथील सर्वांत रुंद कोरी पट्टी असते.

त्याच चौकटी पुस्तकाच्या पानावर रांगांनी रचल्या, की ही रात्र लोप पावते. रोजची अडवणूक आता पानाच्या मध्येच कोठेतरी येते आणि तिला धार राहत नाही. आठवण करून देणाऱ्या चौकटी पुनरुक्तीच्या वाटू लागतात. त्यात ठरावीक पानांत कथा बसविण्यासाठी छाटणी करावी लागे, ती वेगळीच. परिणाम असा, की दैनिकात संथपणे उलगडणारे द्वंद्व पुस्तकात झटपट उरकते. वेताळाचे विजय मराठी वाचकास इतके अनायास वाटतात, याचे श्रेय पुष्कळदा त्याच्या मनगटाला दिले जाते. त्यातील काही वाटा या पुनर्रचनेकडेही जातो. जो वीर मुळात दिवसेंदिवस झुंजत होता, तो पुस्तकात एका पानात जिंकू लागला.

५

अमेरिकेत मात्र याच काळाच्या आगेमागे पानासाठीच रचलेली द्वंद्वे घडत होती. जो सायमन व जॅक कर्बी यांच्या 'कॅप्टन अमेरिका कॉमिक्स'मध्ये (१९४१) लढणाऱ्यांचे हातपाय चौकटीच्या रेषा ओलांडून बाहेर येतात. चौकट म्हणजे नियम, आणि वीर म्हणजे नियमात न मावणारे बळ, असा तेथील संकेत आहे. त्याच कर्बीने १९६० नंतरच्या दशकात 'फँटॅस्टिक फोर'सारख्या मालिकांत मात्र पुष्कळदा पानावर चार वा सहा सारख्या चौकटी ठेवल्या आणि सारा जोर आतील आकृतींवर सोपविला. सीमा मोडून मिळालेला जोर आता सीमेत कोंडून मिळू लागला. एकाच कलावंताने एकाच परिणामासाठी दोन विरुद्ध मार्ग वापरावे, यावरून मोडलेली चौकट हीच जोराची एकमेव खूण नव्हे, हे ध्यानात येईल.

पृष्ठरचना हीच कथावस्तू कशी बनू शकते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे सुपरमॅनच्या मृत्यूची कथा. १९९२ च्या नोव्हेंबरात विक्रीस आलेल्या 'सुपरमॅन'च्या ७५ व्या अंकात डॅन जर्गन्सने प्रत्येक पानावर एकच चित्र ठेवले. त्याआधीच्या तीन अंकांत, आणि तेही निरनिराळ्या मालिकांत, पानावरील चौकटींची संख्या अनुक्रमे चार, तीन आणि दोन अशी उतरत आणली होती. वाचकाने ही संख्या मोजलेली नसते. परंतु अंकागणिक चित्रे मोठी होत आहेत, श्वास जड होत आहे, आणि ही उतरण कोठेतरी संपणार आहे, हे त्यास जाणवते. एकानंतर शून्यच उरते. अखेरच्या अंकात नायक व त्याचा शत्रू डूम्सडे दोघेही कोसळतात. तेथे प्रत्येक मोठे चित्र हा जयघोष नसून थकव्याचे माप आहे. अन्यत्र विजयाची खूण असलेले पूर्णपृष्ठ चित्र येथे सलग वापरामुळे उलट अर्थ धारण करते.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. ॲलन मूर व डेव्ह गिबन्स यांच्या 'वॉचमेन' (१९८६-८७) या बारा अंकी कथेतील बहुतेक पाने नऊ सारख्या चौकटींच्या जाळीवर बेतलेली आहेत. तिच्या पाचव्या अंकाची मांडणी आरशासारखी आहे : पहिल्या पानाची रचना शेवटच्या पानाशी, दुसऱ्याची उपांत्य पानाशी जुळते. या आरशाच्या बरोबर मध्यावर, समोरासमोरच्या दोन पानांवर, ॲड्रियन व्हाइट आपल्यावर चालून आलेल्या मारेकऱ्यास फटका मारतो. वाचकास तो शौर्याचा उत्स्फूर्त आविष्कार वाटतो. पुढे उलगडते, की हा हल्ला त्याने स्वतःच घडवून आणला होता. खऱ्या झुंजीत इतका समतोल नसतो. पान आधीच सत्य सांगून बसले होते, फक्त ते ऐकले गेले नव्हते. मारेकऱ्याचे आगमन जर वाकड्यातिकड्या, मोडक्या चौकटींत दाखविले असते, तर ही सूचनाच नष्ट झाली असती.

६

या दोन परंपरांचा, म्हणजे पाश्चात्त्य पानाचा व देशी कथेचा, संयोग पुण्यातील चित्रकार प्रताप मुळीक यांच्या कामात पाहावयास मिळतो. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या 'अमर चित्र कथे'साठी त्यांनी अनेक पुस्तके चितारली. त्यांपैकी 'शिवाजी' या पुस्तकाची संहिता 'फास्टर फेणे'चे जनक भा. रा. भागवत यांची होती. पुढे १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने 'नागराज' हा हिंदी सुपरहीरो आणला, तेव्हा त्याच्या आरंभीच्या कथांची चित्रेही मुळीकांकडेच आली. चरित्रकथेचे पान आणि सुपरहीरोचे पान एकाच हातून उतरले, ही घटना अभ्यासास योग्य आहे.

'अमर चित्र कथे'ची घडण मुख्यतः निवेदनाची. चौकटीच्या माथ्यावर निवेदनाची पट्टी, खाली प्रसंग, चौकटी आयताकार व शिस्तबद्ध. चित्रकथीतील गायक येथे छापील पट्टीच्या रूपाने परत आला, असे म्हणता येईल. अशा पानावर युद्ध हे इतिहासाचे एक वाक्य असते. चौकट बदलताच मोहीम पुढे सरकते. सुपरहीरोच्या कथेची मागणी निराळी. तेथे लढाई हे वाक्य नसून तोच ग्रंथ असतो. म्हणून एका ठोशास पानेच्या पाने द्यावी लागतात. निवेदनाच्या शिस्तीत मुरलेल्या चित्रकारास ही मागणी पुरी करताना चौकटींच्या व्याकरणाची फेरमांडणी करणे क्रमप्राप्त होते. आरंभीच्या 'नागराज'चे एखादे पान आणि त्यांच्याच चरित्रकथेतील युद्धाचे एखादे पान शेजारी ठेवून चौकटी, मजकूर व कोऱ्या जागा मोजून पाहणे, हा पदव्युत्तर विद्यार्थ्यास उत्तम स्वाध्याय ठरेल.

७

आता आरंभी केलेल्या विधानाकडे वळू जावे. पृष्ठरचना पराक्रमाची व्याख्या करते, याचा अर्थ काय? भरताने वीररसाचा स्थायीभाव उत्साह आणि रौद्राचा क्रोध असा सांगितला आहे. क्रोध उसळतो, उत्साह टिकतो. सुपरहीरोच्या पानाची सर्वांत मोठी चौकट बहुधा आघातासाठी राखलेली असते. म्हणजेच ते पान नाव वीराचे घेत असले, तरी पोषण रौद्राचे व अद्भुताचे करीत असते. टिकणे, थांबणे, सोसणे यांना त्या पानावर मोठी चौकट मिळत नाही. आणि ज्याला चौकट नाही, ते वाचकाच्या लेखी पराक्रमात मोडत नाही.

चाकणच्या वेढ्यात ही अडचण उघडी पडते. १६६० च्या जून महिन्यात शाएस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्ग या भुईकोट किल्ल्यास वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने मोठ्या मोगल सैन्यापुढे तो सुमारे पंचावन्न दिवस लढविला. अखेर मोगलांनी जमिनीखालून भुयार नेऊन बुरुजाखाली सुरुंग लावला. ऑगस्टच्या मध्यास बुरूज उडाला व खिंडार पडले. तरीही उरलेल्यांनी तो दिवस लढून काढला, आणि दुसऱ्या दिवशी किल्ला स्वाधीन करावा लागला. मोटारींच्या कारखान्यांमुळे आज ओळखल्या जाणाऱ्या या गावात त्या कोटाचे अवशेष अद्याप आहेत.

हा प्रसंग सुपरहीरोच्या रूढ पानावर घातला, तर काय होईल? सर्वांत मोठी चौकट सुरुंगास जाईल, कारण दृश्य म्हणून तोच भव्य आहे. पंचावन्न दिवस एखाद्या निवेदनाच्या पट्टीत आटोपतील. पान शत्रूच्या दारूचे स्तोत्र बनेल आणि लढविणारे केवळ उडालेली माणसे म्हणून उरतील. यात चित्रकाराचा हेतू वाईट असण्याची गरज नाही. मांडणीची सवय पुरेशी आहे.

निराळी रचना अशक्य नाही. पानाचे आडवे दोन भाग करावे; वर तट, खाली माती. वरच्या भागात लहान, सारख्या चौकटींत दिवस मोजले जावे : पाऊस, पहारा, तटाची डागडुजी, पुन्हा पहारा. खालच्या भागात भुयाराची काळी पट्टी पानागणिक डावीकडून उजवीकडे लांबत जावी. तटावरील माणसांस ती दिसत नाही, वाचकास दिसते. येथे कोऱ्या पट्टीने घडविलेली पूर्ती आघाताची नसून धास्तीची असेल. स्फोटास पान उलटल्यावर एक चिंचोळी, मुकी चौकट पुरे. कारण सारख्या चौकटींच्या दीर्घ संवादलयीनंतर तेवढा विरोधही पुरेसा ठरतो. पूर्णपृष्ठ चित्र राखावे ते त्यानंतरच्या घटकेसाठी : खिंडारात उभ्या राहिलेल्या माणसांसाठी. ते एकटे नायक नाहीत, त्यांच्यापाशी अद्भुत शक्ती नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते हरणार आहेत. तरीही पानाने त्यांना जागा दिली, की उत्साह हा स्थायीभाव पुन्हा दृश्य होतो.

तेव्हा चित्रकथेतील कोणत्याही द्वंद्वाचे परीक्षण करताना कोण जिंकला हे विचारण्यापूर्वी काही साध्या गोष्टी मोजाव्या : सर्वांत मोठी चौकट कोणत्या क्षणास दिली आहे, सारख्या चौकटींची मालिका कोठे सुरू होते व कोठे तुटते, पान उलटण्याच्या जागी काय अडवून धरले आहे, मजकुराने कोणता क्षण लांबविला आहे, आणि कोणाच्या वाट्यास चौकटच आलेली नाही. यांपैकी शेवटची नोंद सर्वांत अवघड, कारण ती पानावर नसलेल्या गोष्टीची आहे. परंतु पराक्रमाविषयीची एखाद्या समाजाची समजूत त्याच्या चित्रकथांतून शोधावयाची असेल, तर आरंभ तेथूनच करावा लागेल.